देवाकडे चित्त ठेवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील प्रश्न शरणपूर, नाशिक रोड, देवळाली, सातपूर, अंबड आणि निफाड-दिंडोरीकडील विश्वासणाऱ्यांनी उपासनेनंतर, घरगुती प्रार्थनासभांत आणि फोनवरून पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. विचारणाऱ्यांत कॅथलिक आहेत तसेच प्रोटेस्टंटही आहेत. दोन्ही परंपरांत जिथे फरक आहे तिथे तसे नमूद केले आहे. बायबलमधील वचनांचा आशय आमच्या शब्दांत दिला असून अध्याय व वचनांचे आकडे जोडले आहेत, म्हणजे मूळ शब्द प्रत्येकाला आपापल्या प्रतीत पाहता येतील.

१. ‘देवाकडे मन लावा’ असे प्रत्येक उपदेशात ऐकतो. प्रत्यक्षात करायचे काय?

पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी वरील गोष्टींकडे मन लावण्यास सांगितले आहे, आणि बहुतेक जण तिथेच वाचन थांबवतात. पुढे वाचले की दिसते, तोच अध्याय राग, निंदा, खोटे बोलणे, पती-पत्नींचे एकमेकांशी वागणे, मुलांना चिडवून खचवणारे वडील आणि धन्याची चाकरी या विषयांवर येतो. घर आणि काम सोडून दुसरीकडे कुठेतरी पाहत राहा, असे पौल सांगत नाही. घराकडे आणि कामाकडे ख्रिस्ताच्या बाजूने पाहा, असे तो सांगतो. म्हणून आम्ही साधे उत्तर देतो : आपण जे बोलतो, करतो आणि ठरवतो ते कोणासमोर चालले आहे याचे भान ठेवणे, आणि ते भान सुटले की पुन्हा धरणे. स्तोत्र १६:८ मध्ये परमेश्वराला नित्य आपल्यासमोर ठेवल्याचा जो उल्लेख आहे तो याच अर्थाने घ्यावा. त्या वेळी मन भरून येते की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर प्रश्न १२ मध्ये आहे.

२. मग दिवसभर देवाचाच विचार करायचा का? नोकरी करणाऱ्याला ते कसे जमावे?

निरंतर प्रार्थना करा, असे थेस्सलनीकाकरांस सांगणारा पौल (१ थेस्सलनी ५:१७) त्याच पत्रात आपण रात्रंदिवस काम करून पोट भरल्याची आठवण करून देतो (२:९). तो तंबू शिवत असे (प्रेषितांची कृत्ये १८:३), आणि सुई हातात असताना त्याचे लक्ष सुईवरच असणार. अंबडच्या कारखान्यात यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराचे लक्ष यंत्रावर असणे हे त्याचे कर्तव्य आहे. तिथे डोळे मिटून स्तोत्र आठवणे ही भक्ती नव्हे, ते अपघाताला दिलेले आमंत्रण आहे. काम नीट करणे, मापात चोरी न करणे, शेजारच्या नव्या मुलाला शिकवणे, हे सर्व देवासमोर चालले आहे असे मानून केले तर मन देवाकडेच आहे.

याशिवाय कामाच्या मधल्या फटी असतात. राजाने प्रश्न विचारल्यावर उत्तर देण्याआधीच्या क्षणात नहेम्याने स्वर्गातील देवाची प्रार्थना केली (नहेम्या २:४). ती फार तर एका श्वासाची असावी, कारण राजा उत्तराची वाट पाहत होता. चहाची सुट्टी, बसची वाट पाहणे, पार्किंगपासून खात्यापर्यंतचे चालणे या वेळा अशा प्रार्थनेसाठी पुरतात.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेल मठात स्वयंपाकघरात राबणारे ब्रदर लॉरेन्स (मृत्यू १६९१) कामाच्या वेळेत आणि प्रार्थनेच्या वेळेत आपण फरक करत नाही, असे सांगत. हे त्यांचे म्हणणे पुष्कळदा सांगितले जाते, पण सुरुवातीची दहा वर्षे आपल्याला फार जड गेली, असेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. ते मात्र क्वचितच सांगितले जाते.

३. प्रार्थनेला बसले की मन भरकटते. हे पाप आहे का, आणि ते थांबवायचे कसे?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून त्याला थोडी जागा देतो.

मन भरकटणे आणि मन मुद्दाम भरकटू देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली माणसाच्या घडणीतच आहे. गेथशेमाने बागेत शिष्यांना एक तासही जागता आले नाही, तेव्हा येशूने आत्मा उत्सुक असूनही देह अशक्त असतो हे ओळखले (मत्तय २६:४०-४१), आणि पुढच्या कार्यासाठी त्याच शिष्यांना ठेवले. भरकटण्यात पाप नाही.

आमचे मत असे आहे की भरकटलेल्या मनाला ओढून आणण्याची घाई करण्याआधी ते कुठे गेले होते ते पाहावे. जिथे आपले धन तिथे आपले मन, असे येशूने म्हटले आहे (मत्तय ६:२१). मन ज्या ठिकाणी पुन्हा पुन्हा जाते तिथे आपली चिंता, भीती, हाव किंवा माया यांपैकी काहीतरी असते, आणि बहुतेक वेळा आपण ज्या विषयावर प्रार्थना करायला बसलो होतो त्यापेक्षा तोच खरा विषय असतो. निफाडकडचा शेतकरी प्रार्थनेला बसला आणि त्याचे मन लासलगावच्या बाजारात कांद्याच्या भावावर गेले, तर त्याने स्वतःला दोष देत मिशनकार्यासाठी प्रार्थना चालू ठेवण्यापेक्षा ‘प्रभो, भाव असाच राहिला तर सोसायटीचे कर्ज कसे फेडू?’ असे सरळ म्हणावे. सर्व गोष्टींविषयी आपली मागणी देवाला कळवावी, असे पौल सांगतो (फिलिप्पैकरांस ४:६), आणि ‘सर्व’ मध्ये कांदा येतो. विषय एकदा देवापुढे मांडला की मिशनकार्याकडे परत येणे सोपे होते. दाबून ठेवला तर तो दर मिनिटाला डोके वर काढतो.

मन कामाच्या आठवणीवर गेले, म्हणजे गॅसचा नंबर लावायचा राहिला किंवा फी भरायची आहे, तर शेजारी ठेवलेल्या कागदावर एक शब्द लिहून मोकळे व्हावे. यात आध्यात्मिक असे काही नाही आणि असण्याची गरजही नाही. मन भांडणावर गेले तर गोष्ट निराळी. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करण्यास येशूने सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४). ती आठवण प्रार्थनेत आलेला व्यत्यय नाही. अशा वेळी प्रार्थना लवकर आटोपून जावेला किंवा भावाला फोन करणे, हीच त्या दिवसाची प्रार्थना समजावी.

याचा अर्थ एकाग्रतेची पर्वा करू नये असा कोणी घेऊ नये. मार्टिन ल्यूथर यांच्या पेटर नावाच्या न्हाव्याने प्रार्थना कशी करावी असे विचारले असता, १५३५ मध्ये ल्यूथर यांनी त्याला सविस्तर लिहून दिले. त्यात त्यांनी त्याच्याच धंद्याचा दाखला दिला आहे : चांगल्या न्हाव्याचे डोळे आणि मन वस्तऱ्यावर असते, आणि हजामत करताना तो गप्पांत रमला तर गिऱ्हाइकाचे नाक किंवा गळा कापेल. प्रार्थनेलाही माणूस पूर्ण लागतो, असा त्यांचा आग्रह होता. आम्हाला हे दोन्ही पटते. बसताना पूर्ण मनाने बसावे. मन गेलेच तर कुठे गेले ते देवाला सांगावे, शेवटचे आठवत असलेले वाक्य पुन्हा वाचावे आणि पुढे जावे. या सगळ्यात स्वतःवर चिडण्यात गेलेला वेळ मात्र खरोखर वाया जातो.

वासना, सूड किंवा किळसवाण्या विचारांविषयी प्रश्न १० आणि ११ पाहावेत.

४. रोज किती वेळ आणि कोणत्या वेळी प्रार्थना करावी?

बायबलमध्ये एकच नियम सापडत नाही. दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे (दानीएल ६:१०). येशू पहाटे अंधारात उठून एकांतात गेला (मार्क १:३५) आणि बारा प्रेषितांना निवडण्याआधी त्याने रात्रभर प्रार्थना केली (लूक ६:१२). नव्याने सुरुवात करणाऱ्याला आम्ही दहा मिनिटे, पण रोज आणि ठरलेल्या जागी, असे सांगतो. पहिल्याच आठवड्यात एक तासाचा संकल्प करणारे बहुधा ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ संपण्याआधीच थांबलेले दिसतात.

५. माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते. पहाटेची प्रार्थना जमत नाही आणि मग सगळेच सुटते.

घड्याळाऐवजी घटनेला प्रार्थना जोडावी. कामावर निघताना दार ओढण्याआधी, आणि घरी आल्यावर हातपाय धुतल्यानंतर. या दोन घटना तिन्ही शिफ्टमध्ये घडतात. रात्रपाळी करणाऱ्यांनी स्तोत्र १३४ अवश्य वाचावे. रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभे राहून सेवा करणाऱ्यांना उद्देशून ते लिहिलेले असून अवघ्या तीन वचनांचे आहे, त्यामुळे पाठही लवकर होते.

रविवारी सुट्टी नसेल तर आठवड्यातील एखादी प्रार्थनासभा किंवा शनिवार संध्याकाळची मिस्सा (कॅथलिक उपासना) आपली मानावी आणि पाळकांना किंवा फादरांना तसे सांगून ठेवावे. न सांगता गैरहजर राहणारा माणूस विश्वासात थंड पडला, असा समज मंडळीत फार लवकर पसरतो.

६. डोळे मिटले की झोप लागते.

डोळे उघडे ठेवा, उभे राहा, मोठ्याने वाचा, अंगणात चालत प्रार्थना करा. तरीही झोप येत असेल तर झोपा. एलीया थकून मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश न करता दोनदा जेवू घातले आणि मधे झोपू दिले (१ राजे १९:४-८).

७. लिहिलेल्या प्रार्थना किंवा जपमाळ म्हटली तर मन यांत्रिक होते, असे काही जण म्हणतात. स्वतःच्या शब्दांतलीच प्रार्थना खरी का?

या आक्षेपासाठी नेहमी मत्तय ६:७ दाखवले जाते, जिथे येशूने निरर्थक बडबड करू नये असे सांगितले आहे. परंतु दोनच वचनांनंतर त्याने शिष्यांना प्रभूची प्रार्थना शिकवली, आणि ती आपण दोन हजार वर्षे त्याच शब्दांत म्हणत आहोत. गेथशेमानेत त्याने स्वतः तिसऱ्या वेळी पुन्हा तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली, असे मत्तय लिहितो (२६:४४). त्यामुळे शब्दांची पुनरावृत्ती हा दोष ठरत नाही. शब्दांमागे कोणी नसणे हा दोष आहे, आणि तो स्वतःच्या शब्दांतल्या प्रार्थनेतही येतो. घरगुती सभेत वर्षानुवर्षे त्याच क्रमाने तीच वाक्ये उत्स्फूर्तपणे म्हणणारी मंडळी आपण सर्वांनी ऐकलेली आहेत.

पाचव्या शतकाच्या आरंभी जॉन कॅसियन यांनी इजिप्तच्या वाळवंटातील साधूंची रीत नोंदवली. मन स्थिर राहावे म्हणून स्तोत्र ७० मधील पहिले वचन, म्हणजे ‘देवा, माझ्या साहाय्याला धाव’ या आशयाची विनवणी, ते दिवसभर मनात घोळवत असत. अडचणीत आणि आनंदात, दोन्ही वेळी ती लागू पडते, असा त्यांचा अनुभव होता.

जपमाळेच्या बाबतीत, तिच्यामागील हेतू मणी मोजण्याचा नसून येशूच्या जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतच्या आणि त्यापुढील रहस्यांवर मनन करण्याचा आहे. मणी हाताला काम देतात म्हणून मन मोकळे राहते. प्रोटेस्टंट मंडळ्या मरियेकडे विनवणी करत नाहीत, आणि तो मतभेद या पानावर सुटणार नाही. मात्र ज्या कॅथलिक आजींची जपमाळ भाजी निवडताना चालू असते त्यांचे मन देवाकडे नाही, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

८. भजन गाताना मन पटकन लागते, पण नुसत्या प्रार्थनेत लागत नाही. भजन म्हणजे फक्त भावना तर नव्हे ना?

आत्म्याने गाईन आणि बुद्धीनेही गाईन, असे पौल म्हणतो (१ करिंथ १४:१५), म्हणून कसोटी सोपी आहे : गाणे संपल्यावर त्यातील एक ओळ अर्थासह आठवते का? आठवत असेल तर तीच ओळ घेऊन शांत बसावे. प्रार्थना तिथूनच सुरू होते. केवळ पेटी आणि ढोलकी आठवत असतील तर त्या दिवशी सूर मिळाला, आणि तोही वाईट नाही. ज्यांना वाचता येत नाही अशा पुष्कळ ज्येष्ठांचे पवित्र शास्त्राचे ज्ञान भजनांतूनच आलेले आहे. घाई फक्त एका बाबतीत करू नये : एकामागून एक गाणी घेताना दोन गाण्यांच्या मधली शांतता खाऊन टाकण्याची.

९. बायबल मोबाइलवर वाचले तर चालते का?

चालते, पण इंटरनेट बंद करून. वाचताना वरून संदेश सरकत आला की प्रश्न ३ मधील कोणताही उपाय टिकत नाही. शक्य असेल तर प्रार्थनेपुरते छापील बायबल घ्यावे.

याला जोडून दोन गोष्टी. उपदेशांचे छोटे छोटे व्हिडिओ एकामागून एक पाहणे म्हणजे देवाच्या वचनात वेळ घालवणे, असा समज वाढतो आहे; त्यात एकाही विचारावर थांबता येत नाही, म्हणून आम्हाला तो मान्य नाही. दुसरे, पहाटे पाच वाजता वचनाचे चित्र सगळ्या गटांवर पाठवणे ही सेवा असू शकेल, पण ती पाठवणाऱ्याची प्रार्थना होत नाही, आणि झोपलेल्यांच्या दृष्टीने ती सेवाही नसते.

१०. प्रार्थनेत वासनेचे किंवा सूडाचे विचार येतात. मी ढोंगी आहे का?

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियस यांनी माणसाला छळणाऱ्या विचारांचे आठ प्रकार सांगितले. त्यांत खादाडपणा आणि वासनेपासून गर्वापर्यंत सारे काही आहे. असे विचार येतील की नाही हे आपल्या हाती नाही, ते रेंगाळतील की नाही हे आपल्या हाती आहे, असे त्यांचे मत होते. याकोबही मोह आणि पाप यांच्यामध्ये एक पायरी दाखवतो : वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते (याकोब १:१४-१५). विचार दारात आला तर तो दारातच आहे. त्याला बसायला खुर्ची दिली की जबाबदारी आपली.

सूडाच्या बाबतीत प्रश्न ३ मधील उपाय इथेही लागतो. स्तोत्रकर्त्यांनी शत्रूंविषयीचा संताप देवासमोर अत्यंत कठोर शब्दांत ओतला आहे, आणि ती स्तोत्रे बायबलमधून कोणी काढून टाकलेली नाहीत. वासनेचे तसे करू नये. तिचे वर्णन करत बसल्याने ती वाढते. एका वाक्यात कबुली देऊन उठावे आणि हातात काम घ्यावे.

११. देवाविषयी घाणेरडे, निंदेचे शब्द आपोआप मनात येतात. मी क्षमा न होणारे पाप केले आहे का?

हा प्रश्न विचारणारी व्यक्ती बहुधा अनेक महिने कोणालाही न सांगता घाबरलेली असते, म्हणून आधी उत्तर : नाही. मत्तय १२:३१-३२ मधील इशारा येशूने पवित्र आत्म्याचे कार्य डोळ्यांनी पाहूनही त्याला जाणूनबुजून सैतानाचे कार्य म्हणणाऱ्यांना दिलेला आहे. नको असताना येणाऱ्या आणि आल्यावर किळस वाटणाऱ्या विचारांना तो लागू होत नाही. सतराव्या शतकातील इंग्लंडचे प्रसिद्ध उपदेशक जॉन बनियन यांना तरुणपणी ‘ख्रिस्ताला विकून टाक’ असा विचार रात्रंदिवस छळत असे, आणि आपला नाश ठरलेला आहे असे त्यांना दीर्घकाळ वाटत होते.

दुसरी बाब वैद्यकीय आहे. असे विचार रोज अनेकदा येत असतील, ते पुसण्यासाठी तीच प्रार्थना ठरावीक वेळा म्हणावी लागत असेल, किंवा कबुली देऊनही लगेच पुन्हा द्यावीशी वाटत असेल, तर हा ओसीडी म्हणजे मंत्रचळ नावाचा आजार असण्याची शक्यता असते, आणि त्यावर औषधे तसेच समुपदेशन या दोन्हींचा चांगला उपयोग होतो. अशा स्थितीत जास्त प्रार्थना करण्याचा सल्ला आम्ही देत नाही. त्याने फेरे वाढतात. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क असून त्यावर मराठीत बोलता येते. आध्यात्मिक मार्गदर्शनासाठी एकच पाळक किंवा एकच फादर निवडावेत आणि त्यांनी ‘पुन्हा कबुली नको’ असे सांगितल्यास ते पाळावे.

१२. देव जवळ असल्याचे काहीच वाटत नाही. अनेक महिने झाले. विश्वास गेला असे समजायचे का?

स्तोत्र ८८ शेवटपर्यंत वाचावे. इतर बहुतेक विलापस्तोत्रे अखेरीस आशेकडे वळतात, हे अंधारावरच संपते, आणि तरीही ते प्रार्थना म्हणूनच बायबलमध्ये आहे. मदर तेरेसा यांची खाजगी पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर, २००७ मध्ये, प्रसिद्ध झाली तेव्हा कोलकात्यातील त्यांच्या सेवेच्या बहुतेक काळात त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती, हे जगाला कळले. त्यांनी पहाटेची प्रार्थना सोडली नाही आणि सेवाही सोडली नाही. प्रश्न १ मध्ये म्हटलेले भान भावनेशिवाय टिकते याचा यापेक्षा स्पष्ट दाखला आम्हाला माहीत नाही.

मात्र प्रत्येक कोरडेपणा सारखा नसतो. जेवण, झोप, माणसे, काम या सगळ्यांतूनच रस गेला असेल आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ तसे चालले असेल, तर नैराश्याचा विचार करून डॉक्टरांकडे जावे. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर मनाला काहीही न वाटणे हा दुःखाचाच एक प्रकार असतो. अशा वेळी स्वतः शब्द शोधू नयेत, मंडळी म्हणत असलेल्या प्रार्थनेत नुसते बसावे. आणि एखादी गोष्ट देवासमोर काढायचीच नाही असे आपण ठरवलेले असेल, तर बाकीचे सगळे बोलणेही हळूहळू आटते. हे तिसरे कारण फक्त आपले आपल्यालाच ओळखता येते. दुसऱ्याने ते कोणावर लादू नये.

१३. सासरी मी एकटीच ख्रिस्ती आहे. प्रार्थनेला खोली नाही, बायबल उघडले की बोलणी बसतात. मन देवाकडे कसे ठेवू?

येशूने खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करण्यास सांगितले (मत्तय ६:६) तेव्हा मुद्दा दिखावा टाळण्याचा होता; ज्यांच्या घरात खोलीच नाही त्यांना त्याने प्रार्थनेतून वगळलेले नाही. ओठही न हलवता केलेली प्रार्थना पुरते, आणि तिचे उदाहरण प्रश्न २ मध्ये आले आहे. लहानपणापासून पाठ असलेली स्तोत्रे इथे उपयोगी पडतात. ती पाठ नसतील तर आठवड्याला एक वचन कागदावर लिहून पोळपाटाजवळच्या डब्यात ठेवावे.

सासूबाईंच्या आरतीच्या वेळी कुरकुर न करता घर सांभाळणे, आजारपणात त्यांची सेवा करणे, याला पेत्र शब्दाविना दिलेली साक्ष मानतो (१ पेत्र ३:१-२). प्रसाद घ्यावा की नाही यावर मंडळ्यांत मतभेद आहेत. १ करिंथ अध्याय ८ आणि १० वाचून आपल्या पाळकांशी बोलावे, आणि नकार द्यायचा असेल तर तो आदराने आणि एकदाच द्यावा, दर सणाला नव्याने वाद घालू नये.

छळ किंवा मारहाण होत असेल तर तो सोशिकतेचा विषय राहत नाही. ११२ वर फोन करावा आणि माहेरच्यांना व मंडळीतील विश्वासू ज्येष्ठ स्त्रियांना सांगावे.

१४. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी नाशिकमधून जाते. वारकऱ्यांची तल्लीनता पाहून आपल्या उपासनेची लाज वाटते. असे वाटणे चूक आहे का?

चूक नाही. रोमी शताधिपतीचा विश्वास पाहून, असा विश्वास इस्राएलातही आढळला नाही, असे येशूने मोकळेपणाने म्हटले (मत्तय ८:१०). दुसऱ्यांची निष्ठा मान्य केल्याने आपली श्रद्धा पातळ होत नाही. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९), ज्यांची भजने आपल्या मंडळ्यांत आजही गायली जातात आणि ज्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, ते स्वतः तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत आणि त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले.

शिकण्यासारखे आहे ते असे की वारकरी वाट चालण्यापूर्वी मन लागण्याची वाट पाहत बसत नाही. ठरलेल्या तिथीला निघतो, चालता चालता नाम घेतो. आपल्याकडे पाऊस आला की उपासनेची हजेरी निम्म्यावर येते.

१५. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला नवस फेडायला जातो. नवस म्हणजे मन देवाकडे की मागणीकडे?

दोन्ही असू शकते. हन्नाने मुलासाठी नवस केला आणि तिची प्रार्थना इतकी मनापासून होती की एली याजकाला ती प्यालेली वाटली (१ शमुवेल १). नवस केला तर फेडण्यास उशीर करू नये, न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, असे उपदेशक ५:४-५ सांगते. अडचण तिथे सुरू होते जिथे नवस हा सौदा होतो आणि मागितलेले न मिळाल्यास नाते तुटते. नाशिक रोडला रांगेत उभे असताना मागणी सांगून झाली की उरलेला वेळ ज्याच्याकडे मागितले त्याच्यासाठी द्यावा. रांग तेवढी मोठी असतेच. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या नवसाची प्रथा पाळत नाहीत, आणि तसे न करण्याने त्यांचे काही उणे होत नाही.

१६. एकाग्रता वाढावी म्हणून इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला जाऊ का? आणि योगासने?

धम्मगिरी येथील शिबिर दहा दिवसांचे असते, मौन पाळावे लागते, आणि त्या काळात इतर सर्व प्रार्थना, पूजा व धार्मिक विधी थांबवण्याची अट असते. जपमाळही सोबत नेता येत नाही. ही अट ते लपवत नाहीत, आधीच लेखी सांगतात, त्यामुळे जाणाऱ्याने तिचा विचार आधीच करावा. सर्व धर्मांचे लोक तिथे जातात आणि अनेकांना शांतता मिळते, हे खरे आहे.

पण तिथे जे शिकवतात ते वेगळे आहे. श्वासाचे आणि शरीरातील संवेदनांचे तटस्थपणे निरीक्षण करणे ही त्या साधनेची रीत आहे. ख्रिस्ती प्रार्थनेत आपण कोणाशी तरी बोलत असतो, आणि तटस्थ तर मुळीच नसतो. प्रश्न ३ मधील शेतकऱ्याने कांद्याच्या भावाकडे समतेने पाहावे असे आम्ही म्हटले नाही, त्याने ओरडून मदत मागावी असे म्हटले. म्हणून ‘प्रार्थनेत मन लागत नाही’ यावरचा उपाय म्हणून आम्ही हे शिबिर सुचवत नाही. विश्वासात नव्याने आलेल्यांनी दहा दिवस प्रार्थना बंद ठेवणे आम्हाला योग्य वाटत नाही. मौनाची ओढ असेल तर आपल्या धर्मप्रांतात किंवा मंडळीत होणाऱ्या मौन साधनेच्या शिबिरांची चौकशी करावी. याविषयी पाळकांमध्ये आणि धर्मगुरूंमध्ये एकमत नाही, म्हणून आपल्या मार्गदर्शकांशी बोलल्याशिवाय नाव नोंदवू नये.

योगासने व्यायाम म्हणून करण्यास आमची हरकत नाही. ज्याच्या विवेकाला ती टोचते त्याने करू नयेत (रोम १४:२३), आणि करणाऱ्याला दोषही देऊ नये.

१७. आईला स्मृतिभ्रंश झाला आहे. आयुष्यभर प्रार्थना करणारी आई आता आमची नावेही विसरली. तिचे मन देवाकडे आहे, असे कसे म्हणायचे?

या आजारात अलीकडच्या गोष्टी आधी पुसल्या जातात आणि बालपणी पाठ केलेले शब्द व चाली पुष्कळदा सर्वांत शेवटपर्यंत टिकतात. म्हणून तिला प्रश्न विचारू नयेत. प्रभूची प्रार्थना तिच्या सवयीच्या जुन्या शब्दांत, तिच्या लहानपणीची भजने त्याच चालीवर, रोज त्याच वेळी म्हणावीत. ती मध्येच एखादा शब्द जोडेल किंवा जोडणार नाही. दोन्हीला प्रार्थना म्हणावे. नवे भाषांतर किंवा नवी चाल इथे आणू नये.

तुमच्या मूळ प्रश्नाविषयी : या पानावरील जवळपास सर्व उत्तरे माणसाने काय करावे याची आहेत, आणि इथे ती संपतात. यशया ४६:४ मध्ये देव वृद्धापकाळापर्यंत आणि केस पिकेपर्यंत आपणच वाहून नेऊ असे म्हणतो, आणि कशी प्रार्थना करावी हे कळत नाही तेव्हा आत्मा आपल्यासाठी विनवणी करतो असे पौल लिहितो (रोम ८:२६). तिने देवाला आठवणे थांबले म्हणून देवाने तिला आठवणे थांबले नाही. मंडळीत तिच्या नावाने प्रार्थना चालू ठेवावी, आणि पाळकांना किंवा फादरांना घरी येऊन तिला प्रभुभोजन अथवा ख्रिस्तप्रसाद देण्याची विनंती करावी. गिळण्यास त्रास होत असेल तर ते आधी सांगावे, म्हणजे अगदी लहानसा तुकडा किंवा द्रवात भिजवलेला घास देता येईल.